बॅटरीतील कार्बन : काजळीपासून ग्राफीनपर्यंत



आमच्या मंडळाचे एक सभासद विजेवर चालणाऱ्या स्कूटरवरून घरोघर पार्सले पोहोचविण्याचे काम करतात. अभ्यासवर्गातील मुले त्यांना काका म्हणतात. गतवर्षी स्कूटरची बॅटरी थकली तेव्हा काकांनी पतपेढीचे कर्ज काढून नवी बॅटरी घेतली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत 'ग्राफीन' असे छापलेले होते. दुकानदाराने सांगितले होते की ही नव्या विज्ञानाची बॅटरी असून दोन फेऱ्या एका चार्जिंगमध्ये सहज होतील. प्रत्यक्षात दुसरी फेरी अर्ध्यावरच थांबू लागली. एका रविवारी काका अभ्यासवर्गात येऊन बसले आणि विज्ञान शाखेच्या मुलांना म्हणाले, "हे ग्राफीन म्हणजे काय ते मला समजावून सांगा, आणि माझी फसवणूक झाली की नाही तेही सांगा."

मुलांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही रसायनशास्त्र शिकविणारी माणसे. परंतु त्या दिवशी नीट उत्तर देता आले नाही, हे कबूल केले पाहिजे. त्यानंतर आम्ही या विषयाचे वाचन केले. त्यातून जे हाती आले ते येथे मांडीत आहोत.

प्रथम बॅटरीविषयी थोडे. पुन्हा चार्ज करता येणाऱ्या बॅटरीत दोन विद्युतअग्रे असतात, एक धन व एक ऋण. त्यांच्या मध्ये आयनांना वाट देणारा द्राव असतो आणि दोन्ही अग्रे एकमेकांस टेकू नयेत म्हणून सच्छिद्र पडदा असतो. लिथियम-आयन बॅटरी चार्ज होते तेव्हा लिथियमचे आयन धन अग्रातून निघून द्रावातून ऋण अग्रात जाऊन बसतात. वापरताना ते परत येतात. आयन आतून जातात, इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून जातात, आणि त्या इलेक्ट्रॉनांकडूनच आपण काम करून घेतो. सगळा खेळ येण्याजाण्याचा आहे. तेव्हा ऋण अग्र हे लिथियमसाठी एक प्रकारचे वसतिगृह आहे असे समजावे. वसतिगृहात खोल्या किती, दारे किती रुंद, आणि आलेला विद्यार्थी परत घरी जातो की नाही, हे तीन प्रश्न लक्षात ठेवा. पुढे ते उपयोगी पडतील.

लिथियम हा सर्वांत हलका धातू. मग ऋण अग्र म्हणून सरळ लिथियमचाच पत्रा का वापरू नये? १९७० च्या दशकात अमेरिकेत एक्सॉन कंपनीत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी तसेच केले होते. परंतु वारंवार चार्ज केल्यावर धातूच्या पृष्ठभागावर सुयांसारखे फाटे वाढतात, ते पडदा भेदून पलीकडे पोहोचतात आणि आग लागते. १९८९ मध्ये लिथियम धातूच्या बॅटऱ्या असलेले फोन जपानमध्ये पेटल्यामुळे परत मागवावे लागले. त्यानंतर धातूचा मार्ग मागे पडला, आणि ज्यांनी आधीपासून कार्बनवर काम चालविले होते त्यांचा मार्ग पुढे आला.

या मंडळींत रशीद याझमी यांचे नाव घेतले पाहिजे. मोरोक्कोत जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने १९८० च्या सुमारास फ्रान्समधील ग्रेनोबल येथे दाखविले की ग्रॅफाइटमध्ये लिथियम घालता येते आणि परत काढताही येते. त्याच सुमारास ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइडचे धन अग्र शोधले. जपानमधील असाही कासेई कंपनीच्या अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये हे धन अग्र आणि कार्बनचे ऋण अग्र एकत्र आणले. त्यांचा कार्बन होता पेट्रोलियम कोक, म्हणजे तेलशुद्धीकरणानंतर उरणारा काळा गाळ भाजून केलेला. सोनी कंपनीने १९९१ मध्ये अशी बॅटरी बाजारात आणली. व्हिटिंगहॅम, गुडइनफ व योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गुडइनफ त्या वेळी ९७ वर्षांचे होते. याझमी यांचे नाव त्या यादीत नव्हते. आमच्या मते ही उणीवच आहे. असो.

ग्रॅफाइट माहीत असताना कोक का वापरावा लागला, असा प्रश्न हुशार विद्यार्थ्याच्या मनात येईल. त्याचे उत्तर द्रावात आहे. त्या काळी वापरात असलेला प्रॉपिलीन कार्बोनेट हा द्राव लिथियमबरोबर ग्रॅफाइटच्या पत्र्यांमध्ये शिरे आणि पत्रे सोलून काढी. एथिलीन कार्बोनेट हा त्याचा अगदी जवळचा भाऊबंद, परंतु तो ग्रॅफाइटला सांभाळून घेतो, हे १९९० मध्ये कॅनडात जेफ डान यांच्या गटाने दाखविले. पुढे काही वर्षांतच ग्रॅफाइटने कोकची जागा घेतली, आणि आज आपल्या खिशातील बहुतेक प्रत्येक फोनमध्ये ऋण बाजूस ग्रॅफाइट आहे.

आता ग्रॅफाइटची रचना पाहू. पेन्सिलीचे शिसे म्हणतो ते शिसे नसून ग्रॅफाइट आणि चिकणमाती यांचे मिश्रण असते, हे आपणांस ठाऊक आहेच. ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे अणू षटकोनांच्या जाळीत बसलेले असून अशा जाळ्यांचे पत्रे एकावर एक रचलेले असतात. दोन पत्र्यांमधील अंतर ०.३३५ नॅनोमीटर. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. या हिशेबाने एक मिलिमीटर जाडीत सुमारे ३० लाख पत्रे बसतात. पत्र्यातील बंध अतिशय बळकट, परंतु दोन पत्र्यांमधील ओढ क्षीण. म्हणूनच पेन्सिल कागदावर घासली की थर सुटून येतात. लिथियम याच फटींत शिरतो. सर्व फटी भरल्या की पत्र्यांमधील अंतर ०.३७० नॅनोमीटर होते, म्हणजे ग्रॅफाइट सुमारे दहा टक्के फुगते. ते फुटत नाही, हा त्याचा मोठा गुण.

लिथियम सर्व फटींत एकदम शिरत नाही ही गंमत आहे. आधी काही फटी सोडून एक फट भरते, नंतर एकाआड एक, आणि शेवटी प्रत्येक. या टप्प्यांबरोबर ग्रॅफाइटचा रंग बदलतो. काळे ग्रॅफाइट निळसर होते, एकाआड एक फटी भरल्यावर तांबूस दिसते आणि पूर्ण भरल्यावर सोनेरी. काचेची खिडकी असलेला विद्युतघट करून प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी पाहता येते.

पूर्ण भरल्यावर सहा कार्बन अणूंमागे एक लिथियम अणू असतो. एवढ्या माहितीवर बारावीच्या विद्यार्थ्याला ग्रॅफाइटची क्षमता काढता येते. एक मोल लिथियम आयन म्हणजे सुमारे ९६,५०० कूलोम विद्युतभार. एक अँपिअर-तास म्हणजे ३,६०० कूलोम. भागाकार केला की २६.८ अँपिअर-तास, अर्थात २६,८०० मिलिअँपिअर-तास. सहा मोल कार्बनचे वजन ६ गुणिले १२, म्हणजे ७२ ग्रॅम. २६,८०० ला ७२ ने भागा : ३७२. एक ग्रॅम ग्रॅफाइट जास्तीत जास्त ३७२ मिलिअँपिअर-तास साठवू शकते. लिथियम धातूसाठी हाच हिशेब ६.९४ ग्रॅमने भागून केला तर सुमारे ३,८६० येतात. वहीत हा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा.

३७२ ही भिंत आहे, आणि आजच्या चांगल्या ग्रॅफाइटने ती जवळजवळ गाठली आहे. मग पुढे काय? येथे नॅनोकार्बनचा प्रवेश होतो.

योशिनो यांनी आपली बॅटरी जुळविली त्याच १९८५ साली हॅरॉल्ड क्रोटो, रिचर्ड स्मॉली आणि रॉबर्ट कर्ल यांना ६० कार्बन अणूंचा चेंडूसारखा रेणू सापडला. सोनीची बॅटरी बाजारात आली त्याच १९९१ साली जपानमध्येच सुमिओ इजिमा यांनी कार्बनच्या नॅनोनलिकांचे वर्णन प्रसिद्ध केले. कार्बनच्या कांड्यांमध्ये विजेची ठिणगी पेटवून जमलेल्या थरात त्यांना या नळ्या दिसल्या होत्या. ग्रॅफाइटचा पत्रा गुंडाळून नळी करावी तशी त्यांची रचना. पुढे २००४ मध्ये मँचेस्टर येथे आंद्रे गाइम व कॉन्स्टंटिन नोवोसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने ग्रॅफाइट सोलून एकच पत्रा वेगळा केला. काकांच्या बॅटरीवर छापलेले ग्राफीन ते हेच. २०१० चे भौतिकशास्त्राचे नोबेल या कामासाठी दिले गेले.

शास्त्रज्ञांची आशा रास्त होती. ग्रॅफाइटमध्ये लिथियम दोन पत्र्यांमध्ये बसतो. एकटा पत्रा मिळाला तर दोन्ही बाजूंना बसेल. नळीच्या आत बसेल, बाहेर बसेल, नळ्यांच्या जुड्यांमधील फटींत बसेल. दारे अनेक असल्यामुळे ये-जा झटपट होईल. प्रयोगांत ३७२ पेक्षा पुष्कळ मोठे आकडे येऊही लागले. आपल्या महाराष्ट्रातही हे काम झाले. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. महेश्वर शेरॉन यांनी कापरापासून कार्बनच्या नॅनोनलिका तयार केल्या. कापूर जाळला की भांड्याला धरणारी दाट काजळी आपण सर्वांनी पाहिली आहे. त्याच पदार्थाला हवेशिवाय नियंत्रित उष्णता दिली की त्यातील कार्बन नळ्यांच्या रूपात जमविता येतो. या कापूर-नलिकांचा लिथियम बॅटरीचे ऋण अग्र म्हणून केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच्या लेखकांत स्वतः क्रोटोही होते.

तरीही आज, इजिमा यांच्या लेखानंतर तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, बाजारातील बॅटरीत ऋण अग्र नॅनोनलिकांचे किंवा ग्राफीनचे नाही, ग्रॅफाइटचेच आहे. असे का व्हावे? हा या लेखाचा गाभा आहे, म्हणून येथे थोडे थांबू.

ऋण अग्राचा विद्युतदाब इतका खाली असतो की त्याच्या स्पर्शाने द्राव विघटित होतो. पहिल्या चार्जिंगच्या वेळी विघटनातून निघालेले पदार्थ अग्राच्या पृष्ठभागावर साचतात आणि पातळ कवच तयार होते. १९७९ मध्ये इस्रायलमधील इमॅन्युएल पेलेड यांनी या कवचाचे स्वरूप विशद केले. कवच तयार झाले की द्राव अग्रापासून दूर राहतो, लिथियमचे आयन मात्र आरपार जातात. हे कवच नसते तर लिथियम बॅटरी चाललीच नसती. परंतु कवच लिथियम खाऊन तयार होते. कवचात अडकलेला लिथियम परत येत नाही.

जितका पृष्ठभाग मोठा तितके कवच मोठे, आणि तितका लिथियम गमावला. बॅटरीसाठी वापरतात त्या ग्रॅफाइटच्या एका ग्रॅम पुडीचा पृष्ठभाग दोन-चार चौरस मीटर, म्हणजे एकदोन खाटांएवढा. एका ग्रॅम सुट्या ग्राफीनचा पृष्ठभाग गणिताने २,६३० चौरस मीटर येतो. कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद धरले तर अशी वीस मैदाने! एवढ्या जागेला कवचाचा लेप द्यायचा तर लिथियम आणायचा कोठून?

बॅटरी कारखान्यात जुळविली जाते तेव्हा ऋण बाजू रिकामी असते. सगळा लिथियम धन अग्रात असतो, आणि तो मोजका असतो. समजा, धन अग्रात लिथियमचे १०० आयन आहेत. समोर ग्रॅफाइट असेल तर पहिल्या फेरीत त्यांतील पाच ते दहा कवचात जातात आणि नव्वदांहून अधिक कामाला उरतात. समोर नॅनोनलिका असतील तर कित्येक वेळा निम्म्याहून अधिक पहिल्याच फेरीत अडकतात. उरलेल्या चाळीस-पन्नासांवर बॅटरी चालवायची. वसतिगृहाला दारे इतकी केली की विद्यार्थी दारातच राहिले, असा हा प्रकार.

मग प्रयोगशाळेतील मोठे आकडे खोटे होते काय? नव्हते. तेथे ऋण अग्राची परीक्षा घेताना समोर बहुधा लिथियम धातूचा तुकडा ठेवतात. त्यात लिथियमचा साठा इतका असतो की पहिल्या फेरीतील तूट जाणवतच नाही. प्रत्येक फेरीत किती लिथियम गेला आणि किती परत आला ते मोजले जाते, आणि लेखात ते छापलेलेही असते. वर्तमानपत्राच्या मथळ्यात मात्र एकच आकडा येतो. पदवीच्या विद्यार्थ्यांनी असा लेख वाचताना पहिल्या फेरीच्या कार्यक्षमतेचा आकडा प्रथम शोधावा असे आम्ही सुचवू.

आणखी दोन अडचणी आहेत. नॅनोनलिकांतून लिथियम बाहेर पडताना विद्युतदाब एका पातळीवर राहत नाही, शून्यापासून तीन व्होल्टपर्यंत घसरगुंडीसारखा पसरतो. ग्रॅफाइटमध्ये तो बराचसा ०.१ ते ०.२ व्होल्टच्या आसपास स्थिर असतो. दुसरे असे की नॅनोपदार्थ कापसासारखे फुललेले असतात. एक ग्रॅम पदार्थात किती मावते हा एक प्रश्न. फोनच्या चिमुकल्या जागेत किती ग्रॅम मावतो हा दुसरा.

मुलांना हे ऐकून वाईट वाटले. एकाने तर विचारले, "मग तीस वर्षांचे संशोधन पाण्यात गेले का?" तसे अजिबात नाही. नॅनोकार्बन बॅटरीत आहे, भरपूर आहे, फक्त त्याचे काम वेगळे आहे. तो लिथियमचे घर झाला नाही, विजेची वाट झाला.

धन अग्रातील पदार्थ सहसा विजेचे चांगले वाहक नसतात. त्यांच्या कणांमध्ये कार्बनची अतिसूक्ष्म काजळी मिसळावी लागते. या काजळीचे मूळ कण काही दशक नॅनोमीटरचे असतात. म्हणजे नॅनोकार्बन हा शब्द रूढ होण्यापूर्वीपासूनच तो बॅटरीत होता. त्याला काजळी म्हणत, एवढेच. मात्र काजळीचे कण गोल. वाट तयार करायची तर कणाला कण लागून लांब साखळी व्हावी लागते. नॅनोनलिका म्हणजे मुळातच तार. ती काजळीपेक्षा कितीतरी कमी प्रमाणात, वजनाने एक टक्का वा त्याहूनही कमी, घातली तरी जाळे तयार होते. वाचलेल्या जागेत लिथियम देणारा पदार्थ अधिक भरता येतो. आयर्न फॉस्फेटचे उदाहरण पाहा. गुडइनफ यांच्या गटाने १९९७ मध्ये पुढे आणलेला हा पदार्थ स्वस्त आणि सुरक्षित, पण विजेचा अतिशय मंद वाहक. त्याच्या कणांना कार्बनचा नॅनोमीटर जाडीचा लेप दिल्यावरच तो उपयोगी ठरला. आज असंख्य विद्युत वाहने त्याच्यावर चालतात.

सिलिकॉनच्या बाबतीत तर नॅनोनलिकांना पर्याय शोधणे कठीण आहे. सिलिकॉनची क्षमता ग्रॅममागे सुमारे ३,६०० मिलिअँपिअर-तास, ग्रॅफाइटच्या जवळजवळ दहापट. परंतु लिथियम भरला की त्याचे आकारमान जवळजवळ चौपट होते. फुगताना आणि आकसताना कण तडकतात आणि विजेच्या वाटेपासून तुटतात. लांब, चिवट नळ्या तडकलेल्या तुकड्यांना दोराप्रमाणे बांधून ठेवतात. ग्रॅफाइटमध्ये थोडे सिलिकॉन मिसळलेल्या बॅटऱ्या बाजारात आहेत आणि त्यांमध्ये हे तंत्र वापरले जाते.

सोडियम-आयन बॅटरीचाही उल्लेख केला पाहिजे, कारण सोडियम मिठातून मिळतो. सोडियम ग्रॅफाइटमध्ये नीट शिरत नाही. त्याचा आयन मोठा म्हणून, असे उत्तर परीक्षेत लिहू नका! पोटॅशियमचा आयन त्याहून मोठा असूनही ग्रॅफाइटमध्ये आनंदाने शिरतो. सोडियम आणि कार्बन यांची जोडीच ऊर्जेच्या दृष्टीने जमत नाही, हे खरे कारण. त्यासाठी कठीण कार्बन वापरतात. त्यात पत्रे वेडेवाकडे, पत्त्यांच्या कोसळलेल्या बंगल्यासारखे असून मध्ये नॅनोमीटर आकाराची पोकळी असते. २००० मध्ये स्टीव्हन्स आणि डान यांनी ग्लुकोजपासून असा कार्बन करून ग्रॅममागे सुमारे ३०० मिलिअँपिअर-तास मिळविले. तो नारळाच्या करवंटीपासूनही होतो, हे कोकणातील वाचकांनी ध्यानात घ्यावे. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने तेथीलच आयसर संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेले सोडियम-आयन तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले.

आता काकांच्या बॅटरीकडे येऊ. पुढच्या रविवारी मुलांनी ती स्कूटरमधून काढून कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवली. बारा व्होल्टचे पाच डबे, प्रत्येकी २० अँपिअर-तास. एकूण ६० गुणिले २०, म्हणजे १,२०० वॅट-तास. वजन भरले ३४ किलो. भागाकार केला तर किलोमागे ३५ वॅट-तास. लिथियमची एवढीच बॅटरी दहा-बारा किलोंत होते. ३५ हा आकडा शिसे व आम्ल यांच्या जुन्या बॅटरीचा आहे, आणि डब्याच्या तळाशी बारीक अक्षरांत तसे छापलेलेही निघाले.

दुकानदार पूर्ण खोटे बोलला असे मात्र म्हणता येणार नाही. शिशाच्या बॅटरीच्या ऋण पत्र्यात थोडी काजळी मिसळण्याची रीत जुनी आहे. कार्बनचे प्रमाण व प्रकार नीट निवडला तर अर्धवट चार्ज असताना पत्र्यावर सल्फेटचे कठीण खडे कमी बसतात आणि बॅटरी चार्ज लवकर घेते. तिचे आयुष्य त्यामुळे वाढू शकते. परंतु त्यामुळे ३४ किलो शिशाच्या बॅटरीत लिथियम बॅटरीइतकी वीज मावत नाही. ग्राफीन किती घातले याचा आकडा डब्यावर कोठेही नव्हता.

काकांनी सर्व ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "मग आता मी काय करू? कर्जाचे हप्ते अजून चौदा आहेत." त्यावर मुलांनी मिळून सांगितले की शिशाची बॅटरी अर्धी रिकामी ठेवली तर लवकर खराब होते, पहिली फेरी संपताच दुपारी दोन तास आणि रात्री पूर्ण चार्ज करावी. तेव्हापासून दुपारच्या वेळी काकांची स्कूटर अभ्यासिकेच्या दाराशी उभी असते, आणि खिडकीतून आलेली वायर तिला लावलेली असते.